आखाजीला इसार द्यायचा का?

जळगावच्या एका शिक्षकांनी प्रश्न विचारला आहे. तो थोडक्यात असा. जुन्या जळगावात त्यांच्या वडिलांनी १९८८ साली घेतलेलं धाब्याचं घर आहे, मागे स्लॅबच्या दोन खोल्या. वडील २०१७ साली गेले. घरात आई, ते, पत्नी आणि दोन मुलं. एक बहीण अमळनेरला, एक सुरतेला. महाबळ भागात एक रो-हाऊस सगळ्यांना पसंत पडलंय. मालक ५८ लाखांवर ठाम आहे आणि म्हणतो, "आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर पाच लाख इसार द्या, तीन महिन्यांत खरेदी करून घ्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." जुन्या घराचे ३६ लाख येतील असा त्यांचा अंदाज, पण ते अजून विकायला काढलेलंच नाही. "प्रॉपर्टी कार्डावर वडिलांचंच नाव आहे, पण बहिणी काही मागणार नाहीत," असंही त्यांनी लिहिलंय. आखाजी तीन आठवड्यांवर आलीय. इसार द्यावा का?

सर, उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. या आखाजीला पाच लाख देऊ नका. पण ते घर हातचं सोडूही नका. मालकाशी बोलणी चालू ठेवा, तुमचा भाव सांगा, तुमची खरी अडचणही सांगा. पैसा मात्र जुन्या घराचे कागद सरळ होण्याच्या वाटेला लागल्याशिवाय खिशातून काढू नका.

मी बावीस वर्षं जळगाव-भुसावळ पट्ट्यात खरेदी-विक्रीचे दस्त करतोय. आधी घ्यावं की आधी विकावं, हे विचारायला माणसं येतात तेव्हा मी त्यांच्याकडे त्यांच्याच घराचा उतारा मागतो. दहांतले सहा-सात जण घरपट्टीची पावती पुढे करतात. पावतीवर आपलं नाव आहे, म्हणजे घर आपलं, अशी त्यांची पक्की समजूत असते. महापालिका कर वसूल करते, मालकी ठरवत नाही. गावठाणातल्या सिटी सर्व्हेच्या घराचा मालक कोण, हे आधी मालमत्ता पत्रकावर, म्हणजे आपल्या बोलीतल्या प्रॉपर्टी कार्डावर पाहायचं. तुमच्या कार्डावर वडील आहेत. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ते घर आई, तुम्ही आणि दोन्ही बहिणी अशा चौघांचं झालं, सारख्या हिश्शाने. तुमचा हिस्सा पाव. ३६ लाखांचा पाव म्हणजे ९ लाख. तुम्ही ३६ लाखांच्या भरवशावर ५८ लाखांचा सौदा करायला निघालात आणि आज तुमच्या मालकीचे त्यातले ९ लाखच आहेत.

बहिणी काही मागणार नाहीत, असं तुम्ही म्हणता. हे तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलंय का? मी हे खोचकपणे विचारत नाही. खान्देशात बहुतेक बहिणी भावाच्या दारचं माहेरपण टिकावं म्हणून खरंच काही मागत नाहीत, हे मी दर महिन्याला पाहतो. पण त्यांना कुणी नीट विचारलेलंही नसतं. गिऱ्हाईक ठरतं, बँकेचा वकील सह्या मागतो, मग घाईघाईने फोन जातो, "ये, फक्त अंगठा लावायचाय." त्या एका वाक्याने दुखावलेल्या बहिणी मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या पाहिल्यात. मागायचं काहीच नव्हतं त्यांना. पण गृहीत धरलं गेलं, म्हणून सही अडली. तुम्ही आधी दोघींशी बोला, घर विकायचंय हे सांगा, किंमत सांगा, त्यांचा हक्क आहे हेही स्वतःच्या तोंडाने सांगा. त्या खुशीने सोडत असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. साध्या कागदावरची किंवा नोटरीसमोरची सही इथे पुरत नाही. आणि एखादीला हिस्सा हवा असेल, तर तो तिचा हक्क आहे. तेव्हा तुमचं बजेट २७ लाखांचं किंवा १८ लाखांचं, असं धरून हिशेब पुन्हा मांडावा लागेल. ते आज कळलेलं बरं.

आईच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. आईकडून हक्कसोड करून घेऊ नका. तिचा पाव हिस्सा विक्रीपर्यंत तिच्याच नावावर राहू द्या आणि नव्या घराच्या खरेदीखतात तुमच्याबरोबर तिचं नाव घाला. मुलगा कितीही चांगला असला तरी म्हातारपणी नावावर छप्पर असलेली बाई वेगळ्या आवाजात बोलते.

आता मुदतीचं बघू. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालयात द्यायचा. मग नोटिसा निघतात, हरकतीसाठी थांबावं लागतं, कार्डावर नोंद होते. नंतर हक्कसोडपत्र, त्याचीही नोंद. त्यानंतर तुमचं घर गिऱ्हाईकाला दाखवण्याजोगं होतं. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर त्याच्या बँकेचा वकील गेल्या तीस वर्षांच्या दस्तांचा सर्च, म्हणजे शोध, काढणार, जाहीर नोटीस देणार. हे सगळं तीन महिन्यांत उरकलेलं मी क्वचितच पाहिलंय. पाच-सहा महिने धरून चाला. रो-हाऊसवाल्याची मुदत मात्र नव्वद दिवसांची.

भुसावळचे एक गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले, अशाच नव्वद दिवसांत अडकले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी चार लाख इसार दिला होता. त्यांच्या स्वतःच्या घराला गिऱ्हाईक पंधरा दिवसांत मिळालं, म्हणून ते निश्चिंत होते. मग सर्च निघाला आणि कळलं, की कार्डावर आजोबांचं नाव आहे. चुलत घराण्यातले धरून वारस अकरा, त्यातला एक कुठे आहे हे भाऊबंदांनाही ठाऊक नाही. ते माझ्याकडे आले तेव्हा सौदा पावती दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणली होती, घड्यांवर कागद फाटायला आलेला. मी वाचत गेलो. चतुःसीमा, किंमत, इसार, आणि खाली एक ओळ : "सदर मुदतीत खरेदी करून न घेतल्यास इसार जप्त होईल, त्याबाबत लिहून घेणार यांची कोणतीही तक्रार चालणार नाही." त्यांना ती वाचून दाखवली तेव्हा म्हणाले, "मी आकडा आणि सही एवढंच पाहिलं होतं." बरीच मध्यस्थी करून दीड लाख परत आले. अडीच लाख गेले.

सौदा पावती म्हणजे साधी पावती, असं समजू नका. तिने तुम्हाला घराची मालकी मिळत नाही, पण तुमच्यावर बंधन मात्र येतं. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्याची भरपाई वाजवी असावी लागते, म्हणून वाटेल तेवढी रक्कम कुणी गिळू शकत नाही, हे खरं. पण सौद्याची हमी म्हणून दिलेला खरा इसार, जप्तीची अट स्पष्ट लिहिली असेल तर, विक्रेत्याला ठेवून घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात हे स्पष्ट केलंय. त्याच निकालात इसार वेगळा आणि किमतीपैकी आगाऊ दिलेली रक्कम वेगळी, हा फरकही केलाय. म्हणून पावतीत शब्द तोलून घाला. हमीपोटी म्हणून छोटा इसार लिहा. पुढे काही द्यावं लागलंच, तर ते ‘किमतीपैकी आगाऊ’ म्हणून वेगळ्या ओळीत येऊ द्या.

मालकापुढे मग काय ठेवायचं? मी तुमच्या जागी असतो तर असं बोललो असतो : भाव आम्हाला मान्य आहे, पण आमचं घर विकलं की मगच पैसे येतील, म्हणून मुदत पाच महिन्यांची लागेल आणि इसार एक लाख. थांबण्याचा मोबदला म्हणून सौदा आमच्यामुळे फिसकटला तर त्यातले पंचवीस हजार तुमचे. फुकट कुणी थांबत नाही सर, आणि का थांबावं? त्यालाही मुलीचं लग्न किंवा दुसरीकडचा प्लॉट असतोच. कलम साधारण असं लिहून घ्या (त्यात ‘लिहून घेणार’ म्हणजे तुम्ही, ‘लिहून देणार’ म्हणजे मालक) :

"लिहून घेणार यांचे जुने जळगाव येथील राहते घर विकून येणाऱ्या रकमेतून सदर खरेदीची किंमत द्यावयाची आहे, हे लिहून देणार यांना माहीत आहे. सदर घराचे नोंदणीकृत खरेदीखत आजपासून १५० दिवसांत न झाल्यास लिहून घेणार यांना मुदत संपण्यापूर्वी लेखी कळवून हा सौदा रद्द करता येईल. तसे झाल्यास लिहून देणार यांनी इसारापैकी रुपये २५,००० वजा करून उरलेली रक्कम ३० दिवसांत बँकेमार्फत परत करावी."

मालक बिथरला तर त्यालाही एक मोकळी वाट द्या. मधल्या काळात त्याला पक्कं गिऱ्हाईक मिळालं, तर त्याने आधी तुम्हाला लेखी कळवायचं. तुम्ही पंधरा दिवसांत बिनशर्त तयार झाला नाहीत, तर त्याने इसार पूर्ण परत करून खुशाल तिकडे विकावं. या दोन अटींवर मी बरेच सौदे जमवलेत. माणूस सरळ असेल तर त्याला यात खोट दिसत नाही. आणि जो कोणतीही अट न घेता आखाजीलाच पाच लाख मागतो, त्याला एवढी घाई कशाची आहे, हे त्याच्या घराचं इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) आणि कर्जाचा बोजा पाहून तपासा. जमिनीचा अकृषक आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमीन वर्ग-२ ची, म्हणजे सरकारी अटींनी बांधलेली, तर नाही ना, एवढं पाहिल्याशिवाय एक लाखही नको. वर्ग-२ असेल तर परवानगीवाचून विक्रीच होत नाही.

आता तुमच्या मनात असलेली दुसरी वाट. आधी कर्ज काढून रो-हाऊस घ्यायचं, जुनं घर सावकाश विकायचं आणि कर्ज फेडून टाकायचं. वाट चुकीची नाही. फ्लोटिंग व्याजाच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही, त्यामुळे जुन्या घराचा पैसा आला की तो एकदम भरता येतो. काही बँका खास अशाच मधल्या काळासाठी ब्रिज लोनही देतात. पण आकडे कागदावर मांडा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. ५८ लाखांवर ४६ लाख ४० हजार. उरलेले ११ लाख ६० हजार तुमचे. जळगाव महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ३ लाख ४८ हजार, वर नोंदणी फी ३० हजार. हा खर्च बँक किमतीत धरत नाही. म्हणजे जुनं घर न विकता तुमच्याकडे साडेपंधरा लाख रोकडे असायला हवेत, दलाली आणि रंगरंगोटी वेगळीच. साडेआठ टक्के व्याजाने पंधरा वर्षांचा हप्ता ४५ हजारांच्या पुढे जातो. पगारातून सहा महिने हा हप्ता निघेल का? सहाचे बारा झाले तर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ही वाट सोडा. कारण हप्त्याने बेजार झालेला माणूस स्वतःचं घर पडेल भावात विकतो, आणि गल्लीतल्या गिऱ्हाईकाला त्याचा वास लगेच लागतो.

जुन्या घराच्या गिऱ्हाईकाबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. धाब्याच्या माती-लाकडाच्या घराला, त्यातही मंजूर नकाशा नसेल तर, बँका सहसा कर्ज द्यायला कचरतात. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक पगारदार कमी आणि स्वतःचा पैसा बाळगणारं जास्त. माझ्या अनुभवात अशा घराचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक भिंतीला भिंत लागून राहतं. शेजाऱ्याला तुमची जागा त्याच्या जागेत मिळवायची असते, त्याच्या लेखी तिचं मोल इतरांपेक्षा जास्त असतं. ‘घर विकणे आहे’ ही पाटी लावण्याआधी दोन्ही बाजूंना आणि मागच्या घरीही विचारा. त्याआधी सामाईक भिंत कुणाची, तुमच्या धाब्याच्या पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, मोरीची वाट कुठून जाते, हे कार्डाच्या नकाशाशी ताडून ठेवा. सौदा मोडायला पन्हाळ पुरते. आणि एकदा तुम्ही लेखी सौदा केलात की मागे फिरणं सोपं नाही. विशिष्ट अनुतोष कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर करार जसाच्या तसा पुरा करून घेण्याचा खरेदीदाराचा हक्क आणखी बळकट झालाय.

रोखीचं बोलणं निघेल. "इतके चेकने, इतके वरचे." तिथेच थांबवा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय तुमचा पैसा बँकेतून येणार आणि समोरचा रोख मागणार, मग ती रोकड आणणार कुठून? रोखीने दिलेला इसार परत मिळवायला कोर्टात पुरावाही उरत नाही. शिवाय रो-हाऊसची किंमत ५० लाखांवर आहे, म्हणून किमतीच्या १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी तुमची, हेही विसरू नका.

करात एक घड्याळ वेगळं चालतं. राहतं घर विकून दुसरं घेतलं की भांडवली नफ्यावर सवलत मिळते, १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५४ म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. नवं घर जुन्याच्या विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यायचं, किंवा विक्रीच्या आधी एक वर्षाच्या आत घेतलेलं असायला हवं. म्हणजे रो-हाऊस आधी घेतलंत आणि जुन्या घराची विक्री वर्षापलीकडे रेंगाळली, तर सवलत हातची जाते. घर २००१ पूर्वीचं असल्याने १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल काढून ठेवा. आणि एक सापळा. दलाल सांगेल, "नवं घर वहिनींच्या एकटीच्या नावावर घ्या, मुद्रांकात १ टक्का वाचेल." महिलांना तशी सवलत आहे, तुमचे ५८ हजार वाचतीलही. पण विकणारे तुम्ही आणि आई, घेणारी पत्नी, असं झालं की कलम ५४ ची सवलत वादात सापडते. ज्यांच्या नावाने विक्री, त्यांच्याच नावाने खरेदी ठेवा. दस्ताआधी तुमच्या सीएकडे हे दोन्ही कागद एकत्र दाखवा.

आता तारखा. तुमच्या डोक्यात आखाजी ही इसाराची तारीख म्हणून बसलीय. मला ती वेगळ्याच कामाची दिसते. त्या सणाला लेकी माहेरी येतात, अमळनेरची येईल, सुरतेचीही येईल. चौघं वारस एका छपराखाली असण्याचा असा दिवस तुम्हाला नंतर श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आपल्याकडच्या त्या देवीच्या सणालाच मिळेल. आज संध्याकाळीच दोघींना फोन करा, आईला शेजारी बसवून करा. विषय मांडा, त्यांचं ऐकून घ्या. राजी असतील तर म्हणा, सणाच्या दोन दिवस आधी या, आधार आणि पॅन बरोबर आणा. प्रतिज्ञापत्रावरच्या सह्या आणि वारस नोंदीचा अर्ज त्याच मुक्कामात उरका. नोंद झाली की हक्कसोडीला एक फेरी पुन्हा लागेल, ती रोटांना जुळते.

जुन्या घराचा ताबा देताना एक करा. चोपड्याकडच्या एका घरात मी दस्तातच लिहिलं होतं, की ताबा कानबाई विसर्जनानंतर आठ दिवसांनी. त्या घरातल्या आजींना पन्नास वर्षं ज्या कोनाड्यासमोर कानबाई बसली तिथेच शेवटचे रोट करायचे होते. घेणाऱ्याने एका शब्दानेही कुरकुर केली नाही, उलट त्या दिवशी तो प्रसादाला आला. तुमच्या आईलाही विचारा, तिच्या मनात अशी काही तारीख आहे का. असेल तर ती मला कळवा, रो-हाऊसच्या मुदतीचे दिवस आपण तिथून मोजू.